कॅमेऱ्याची कल्हई

१० जानेवारी १९९४, सोमवार

नव्या वर्षाची सरकारी डायरी आज हातात पडली. आमचा स्टोअरकीपर हरिदास देताना म्हणाला, "सुधाकर जी, आपको तो दो ही महीने की चाहिए. बाकी फाड़ के रख लूँ?" तो हसला, मीही हसलो. पण लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरपर्यंत ते वाक्य बुटातल्या खड्यासारखं टोचत आलं. अठ्ठावीस फेब्रुवारीला मी रिटायर होतो. खात्याचा फोटोग्राफर म्हणून तीस वर्षं झाली, आणि तीस डायऱ्यांत कार्यक्रमाचं नाव नि रोलचा नंबर यापलीकडे मी काही लिहिलं नाही. आता कार्यक्रमही मिळत नाहीत. कंत्राटी पोरं प्लास्टिकचे, आपोआप फोकस होणारे कॅमेरे घेऊन येतात आणि चहाच्या आधी काम संपवून जातात. पानं कोरी ठेवण्यापेक्षा लिहावं म्हटलं.

लिहायला कारणही तसंच झालं. नवे उपसंचालक माथुर साहेब आज आमच्या खोलीत आले. माझा कॅमेरा टेबलावर होता. माझा म्हणजे सरकारचा. जर्मन, काळा, एकाहत्तर साली माझ्या नावावर चढलेला. साहेबांनी तो उचलला आणि वरून अंगठा फिरवला, आपण फळीवरची धूळ तपासतो तसा. म्हणाले, "इसकी क्या हालत हो गई है, सुधाकर जी!"

अरे देवा. मी उभाच राहिलो. साहेब तो उलटासुलटा करून पाहतच होते. रिटायर होताना जमा करणार ना, विचारलं. मग हा कंडेम, म्हणजे बाद होऊन लिलावात जाईल का, हेही विचारलं. शेवटी म्हणाले, "जमा करने से पहले एक बार मुझे दिखा दीजिएगा." डोळे नुसते चमकत होते. मला जानेवारीच्या थंडीत बनियनपर्यंत घाम फुटला.

खरंच आहे हो, हालत वाईट आहे. काळा रंग आधी कोपऱ्यांवरून गेला. मग रोल पुढे ढकलायच्या खटक्यापाशी, जिथे उजवा अंगठा बसतो तिथे. तो तर सगळा पिवळाधमक पितळ झालाय. डाव्या बाजूला खाली लग्नाच्या अंगठीने एक पट्टा खाल्लाय. डोळ्याच्या खिडकीपाशी नाकाचं तेल लागून लागून तपकिरी झालंय. कल्हई उडालेलं पातेलं जसं दिसतं, तसा दिसतो. रोज हातात असल्यामुळे माझ्या कधी नजरेत आलं नाही. साहेबांच्या पहिल्याच दिवशी आलं.

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. नीलाला सगळं सांगितलं. ती तिळाच्या वड्या थापत होती, मान वर न करता म्हणाली, "मग बरोबरच बोलले साहेब. कल्हई गेलेलं भांडं कुणी तसंच परत करतं का?"

आमच्या दोघांच्याही घरी हीच शिकवण. शेजारणीचं भांडं परत करताना लखलखीत घासायचं, आणि रिकामं कधी द्यायचं नाही. निदान चमचाभर साखर तरी घालायची. दिल्लीत तीस वर्षं काढली तरी नीला मिसेस भाटियांचा डबा परत देताना आत काहीतरी घालतेच. मी म्हटलं, ही गोष्ट सरकारची आहे. ती म्हणाली, "सरकारची म्हणून काय घाण द्यायची?"

शिवांगी आमची मुलगी, गुडगावला एका विदेशी कंपनीत लागलीय. म्हणाली, "पप्पा, आमच्या ऑफिसच्या गाडीला मोठा डेंट आला होता ना, त्याला मराठीत काय म्हणतात? हां, पोचा. तो शंकर करून एक पेंटर आहे, त्याने बिल्कुल नवी करून दिली. गाडी काय, कॅमेरा काय, मेटलच आहे ना यार."

हे मला पटलं. पटायला नको होतं, असं आज वाटत नाही. पुढचं कुणी पाहिलंय?

१६ जानेवारी, रविवार

काल रात्री वर्तमानपत्र पसरून कॅमेऱ्याची वरची आणि तळाची पट्टी मी स्वतः काढली. बाकी कॅमेरा घरीच ठेवला. आतल्या यंत्राला दुसऱ्याचा हात मी लागू देत नाही.

आतला एक डाग मात्र माझ्याच हातचा आहे. चौऱ्याहत्तर साली साफ करताना स्क्रूड्रायव्हर घसरला आणि फिल्म जिथे उघडी पडते त्या चौकटीच्या कडेला एक खाच पडली. तेव्हापासून या कॅमेऱ्याच्या प्रत्येक निगेटिव्हच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा दात येतो. प्रिंट काढताना मी तो कापून टाकतो. वीस वर्षं झाकलाय. डार्करूममधल्या शांतारामशिवाय कुणाला माहीत नाही.

सकाळी शिवांगीबरोबर गुडगावला गेलो. सगळीकडे खड्डे, सळया आणि 'बुकिंग चालू'चे फलक. शंकरचं दुकान म्हणजे एक पत्रा आणि त्याखाली चार मारुती. त्याने पट्ट्या हातात घेतल्या, बोटाने टिचकी मारून म्हणाला, "असली पीतल है, अंकलजी. शोरूम से निकली लगेगी."

२३ जानेवारी, रविवार

आणला. काय सांगू! काळा कुळकुळीत, आरशासारखा. वरचा जुना पोचाही गायब. शंकरने ग्राइंडर मारून पट्टी सपाट केली, पुट्टी भरली आणि गाडीचा रंग दिला. फक्त वर कोरलेला कॅमेऱ्याचा नंबर दिसेना. विचारलं तर म्हणतो, "वो तो साफ़ कर दिया, खुरदुरा लग रहा था."

जरा खटकलं. पण नंबर काय, रजिस्टरात आहेच. घरी येऊन पट्ट्या बसवल्या. नीला म्हणाली, "आता रिकामा देऊ नका." मी हसलो, पण खरंच एक नवा छत्तीसचा रोल आत चढवला. भांड्यात साखर. बरं वाटलं. अंगठा मात्र घसरतो त्या रंगावर.

३१ जानेवारी, सोमवार

आजचं लिहून ठेवायलाच हवं.

कॅमेरा जमा करायला गेलो. ठरल्याप्रमाणे आधी साहेबांच्या खोलीत. त्यांच्याकडे काचेचं मोठं कपाट आहे, आत पाच-सहा जुने कॅमेरे, एकाचाही रंग धड नाही. हयगयीचे नमुने म्हणून ठेवले असावेत. मला वाटलं, माझा पाहून शाबासकी देतील. मी अगदी फुलासारखा टेबलावर ठेवला.

साहेबांनी पाहिलं. उचललं नाही. म्हणाले, "ये क्या है?"

"कैमरा, साहब. जमा करना है."

"और वो वाला कहाँ है?"

मी सांगितलं, वोही है, पेंट कराया है. साहेबांनी हरिदासला रजिस्टर आणायला लावलं. अठ्ठ्याऐंशीच्या तपासणीत लिहिलेलं हरिदासने मोठ्याने वाचलं: काळा रंग कोपऱ्यांवर उडालेला, अंगठ्याच्या जागी पितळ, वरच्या पट्टीवर पोचा, आणि पुढे नंबर. कॅमेऱ्यावर यातलं काही नाही. मी माझ्याच हाताने एकेक पुरावा पुसून आणला होता! साहेबांनी वरचा रंग पेपर कटरने खरवडला. खाली नंबरच्या जागी ग्राइंडरचे ओरखडे आणि अर्धवट सात.

हरिदास हळूच म्हणाला, "साहब, चोरी की गाड़ी का नंबर ऐसे ही घिसते हैं."

साहेबांनी मागचं झाकण उघडलं, तर आत रोल. लगेच बंद केलं. "इसमें रील किसने डाली?" मी म्हणालो, "हमारे यहाँ खाली नहीं लौटाते, साहब." खोलीत कुणी हसलं नाही. हे सांगताना माझं मलाच किती खोटं वाटलं! साहेब लालबुंद झाले होते. टेबलावर हात आपटून म्हणाले, "असली वाला किसको दिया, सुधाकर जी? सच बता दीजिए."

कॅमेरा कापडी पिशवीत घालून लाखेने सील केला. मला पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्यायचाय.

१ फेब्रुवारी, मंगळवार

झोप नाही. डोळे मिटले की सूर्यकांत दिसतो. आमच्याच सेक्शनचा. एक लेन्स हरवली आणि चौकशी लागली. फाईल नऊ वर्षं चालली. रिटायर झाल्यावरही बिचारा तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, बाकावर बसायचा. ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला ते आम्ही लोक, मान खाली घालून पुढून जायचो. मीही जायचो. निर्दोष सुटला म्हणतात, पण ते कळवायला गेले तेव्हा तो नव्हता.

मला तो बाक दिसतो. माझं नाव चोरांत जाणार. तीस वर्षांत मी सरकारी रोलची रिकामी डबीसुद्धा घरी आणली नाही, शिवांगी शाळेत मागायची तरीही नाही.

३ फेब्रुवारी, गुरुवार

बेल वाजली की मी लपायला जागा शोधतो. आज मिसेस भाटिया डबा परत द्यायला आल्या आणि मी न्हाणीघरात जाऊन उभा राहिलो. नीलाने पाहिलं.

एक तरी बरं झालं. झाकण उघडलं तेव्हा साहेबांना चौकटीचा तो दात दिसला नाही, नाहीतर सरकारी यंत्राची मोडतोड म्हणून आणखी एक कलम लागलं असतं. तो विषय कुठे निघू नये एवढीच प्रार्थना.

शांतारामला काही सांगितलेलं नाही. तो कोकणातला, तोंडाचा फटकळ. त्याला सांगितलं तर दुपारपर्यंत कँटीनभर होईल. डार्करूमच्या पॅसेजमधून जायचंच सोडलंय.

६ फेब्रुवारी, रविवार

गुडगावला गेलो, एकटा. वाटलं, शंकरने दोन ओळी लिहून दिल्या की झालं. चोरी, नंबर, सरकारी चौकशी एवढं ऐकताच त्याचा चेहरा उतरला. हात पुसत म्हणाला, "अंकलजी, मेरे भी बच्चे हैं. पुलिस मुझे ही उठाएगी. मैंने तो आपको कभी देखा ही नहीं." मग हात जोडले. मी भित्रा, तो माझ्याहून भित्रा.

येताना बसमध्ये उजवा अंगठा सारखा हलत होता, खटका ओढल्यासारखा. शेजारच्या माणसाने सरकून जागा केली.

१४ फेब्रुवारी, सोमवार

खुलासा दिला. चार पानं. नीलाने वाचून म्हटलं, "यात माफीच सात वेळा मागितलीय. चोरी केलेला माणूससुद्धा इतकी मागत नाही." पण बदलायला वेळ नव्हता. साहेबांनी ती चार पानं बाजूला ठेवली आणि इतकंच विचारलं, "बेच दिया क्या? किसको? मैं बस जानना चाहता हूँ." आवाज दबका होता. दबका आवाज तर फार वाईट. ते म्हणाले, अठ्ठावीसपर्यंत उलगडा झाला नाही तर प्रकरण दक्षता विभागाकडे जाईल.

शिवांगी घरी येऊन रडली. "माझ्यामुळे झालं ना पप्पा? मीच बोलले होते त्या शंकरचं." मी म्हटलं, नाही गं.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

रथसप्तमी. नीलाने हळदीकुंकू केलंच. मी म्हटलं, आपल्या घरी आता कोण येणार? ती म्हणाली, "तुमच्या साहेबांना नाही बोलावलं, बायकांना बोलावलंय." सरोजिनी नगरच्या बाजारातून वाणाला चाळण्या आणल्या होत्या. मी आतल्या खोलीत दार लावून बसलो.

आठ वाजता नीला आत आली आणि म्हणाली, "मी शांतारामभावजींच्या बायकोला, अहिल्येला, सगळं सांगितलं."

मी ओरडलो. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, एवढ्या मोठ्याने मी कधी ओरडलो नव्हतो. सगळं संपलं, आता गावभर डंका, असलं काहीबाही बोललो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं? रोज उशीत तोंड खुपसून रडता, ते मला ऐकू येत नाही असं वाटतं का तुम्हाला? मला भीती वाटते हो. चोर ठरण्याची नाही. तुमची."

१९ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सातला बेल. मी न्हाणीघराकडे निघालो होतो तेवढ्यात दारातून आवाज आला, "अरे ए शहाण्या, बाहेर ये!"

शांताराम. माकडटोपी काढायच्या आधीच सुरू झाला. "तीन आठवडे पॅसेजमधून तोंड चुकवत फिरतोस? मला वाटलं, हा माझ्या डेव्हलपरच्या वासाला कंटाळला. आणि काय रे, रंगाचं काय घेऊन बसलास? दात विसरलास?"

मी म्हटलं, कसला दात?

"माझा! अरे चौकटीचा दात! हजारो निगेटिव्ह आहेत आपल्या रेकॉर्डात, चौऱ्याहत्तरपासूनच्या. प्रत्येकाच्या कडेला तो कण आहे. तुझ्या त्या गाडीच्या रंगाखाली हाच कॅमेरा असेल तर आजच्या रोलवरही दात येईल. नसेल तर नाही येणार. आणि रोल आतच आहे ना, लाखेच्या सीलमध्ये? ठेव साहेबांसमोर खटक्यावर बोट आणि ओढ छत्तीस फोटो!"

मी खाटेवर बसलो. जे वीस वर्षं लपवलं ते दाखवायचं? शांताराम म्हणाला, "काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय." नीला चहा घेऊन आली आणि दोघं माझ्याकडे बघून हसायला लागले. मला हसू येईना. दात आलाच नाही तर? रंगानंतर मी पट्ट्या बसवल्या, काही हललं असेल तर?

२१ फेब्रुवारी, सोमवार

साहेब तयार झाले. हरिदासने सर्वांसमोर सील फोडलं. कॅमेरा माझ्या हातात आला आणि घाईघाईत पहिले चार फोटो नुसते गेले. साहेबांचं टेबल, खिडकी, पंखा, हरिदास, कपाट, डोळ्याला न लावता, छातीशीच धरून, जे समोर येईल ते टिपत गेलो. तळव्याला इतका घाम की खटक्यापाशी शंकरचा रंग सुटून अंगठ्याला काळं लागलं. पस्तीस, छत्तीस. संपलं.

शांतारामने रोल घेतला. खोटेपणा नको म्हणून डार्करूममध्ये हरिदासला बरोबर उभं केलं. अंधारात तो गुदमरला म्हणे. उद्या वाळलेली निगेटिव्ह साहेबांना दाखवायची. आज ओली पाहायला शांतारामने मला बोलावलं. मी गेलो नाही.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

दात आहे.

आहे, आहे, आहे! शांतारामने काचेच्या दिव्यावर चार पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या: शहात्तर, ब्याऐंशी, एकोणनव्वद आणि कालची. चारही पट्ट्यांच्या कडेला त्याच जागी तोच कण. साहेबांनी भिंग लावून पाहिलं, कितीतरी वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "यानी यही था."

"यही है, साहब."

"और आपने इसे गाड़ी के पेंटर को दे दिया."

"जी साहब. माफ़ी चाहता हूँ."

साहेबांनी चष्मा काढला, उठून खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. हरिदासला म्हणाले, केस बंद, कंडेम में डाल दीजिए. कॅमेऱ्याकडे पुन्हा वळूनही पाहिलं नाही. त्यांचे डोळे ओले होते, मी शपथेवर सांगतो. सरकारी वस्तूची इतकी कळकळ असलेला अधिकारी मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. आणि अशा माणसाला मी भीत होतो!

घरी येऊन नीलाला सांगितलं. ती देवापुढे साखर ठेवून तिथेच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मग मिसेस भाटियांनाही साखर देऊन आली.

२८ फेब्रुवारी, सोमवार

ना-देय दाखला मिळाला. हार, समोसे, भाषणं. कॅमेरा टाइपरायटर आणि मोडक्या पंख्यांच्या ढिगावर पडला होता. या ढिगाला लिलावात कुणी हात लावणार नाही, भंगारात जाईल, असं हरिदास म्हणाला. मी त्याला एकदा हात लावला आणि निघालो.

माथुर साहेब जिन्यापर्यंत पोचवायला आले. अचानक विचारलं, "सुधाकर जी, वो पीतल... कितने साल में निकली थी?"

"तेईस साल, साहब."

"तेईस," ते म्हणाले. मग हस्तांदोलनाला घेतलेला माझा हात त्यांनी उलटा केला आणि अंगठ्याकडे पाहत राहिले. का ते मला कळलं नाही. भला माणूस.

फाटकापाशी शांतारामने एक पाकीट हातात कोंबलं. "तुझी साखर. रिकामं पाठवत नाही." आत एक प्रिंट होती, छत्तिसाव्या फोटोची. साहेबांचं काचेचं कपाट, आत ते जुने कॅमेरे, आणि काचेत मी. तीस वर्षांत हजारो लोकांचे फोटो काढले, माझा असा हा एकच. शांतारामने कडा कापलेली नाही, दात तसाच ठेवलाय.

नीलाने दिव्याखाली धरून पाहिला. म्हणाली, "अगं बाई, केवढे घाबरलायत! हा नको लावायला." मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. खरंच, इतका घाबरलेला माणूस मी कधी टिपला नव्हता. डोळे बाहेर आलेले, तोंड उघडं. पण उजवा अंगठा खटक्यावर बरोबर जागेवर होता, आणि त्याच्याशेजारी रंग सुटून पितळ दिसत होतं. प्रिंट काळी-पांढरी, तिथे एक पांढरा ठिपका.

म्हटलं, "लाव. दारासमोर लाव." खिळा ठोकत असताना बेल वाजली. मी जाऊन दार उघडलं.